थोरोचे कपडे कोण धूत होतं?

‘अमेरिकन लेखक हेन्री डेव्हिड थोरोने जंगलातल्या एकांतवासाचं सोंग केलं. गाव जवळच, जेवायला घरी, कपडे धुवायला आई!’ हा मजकूर कायम फिरत असतो. त्यातली बरीच माहिती खरी आहे, पण ती त्याने कधी लपवलीच नव्हती.

‘घोर जंगल’ हा दावा त्याचा नाहीच. वॉल्डन तळ्याकाठच्या या मुक्कामावरच्या ‘वॉल्डन’ या पुस्तकाच्या पहिल्याच परिच्छेदात तो सांगून टाकतो: शेजारी मैलभरावर, मुक्काम दोन वर्षं दोन महिने (1845 ते 1847), आता परत लोकांत. आगगाडीचा रूळ झोपडीपासून सुमारे अर्ध्या किलोमीटरवर होता, तोही पुस्तकात आहे. दहा बाय पंधरा फुटांच्या त्या खोलीत कधीकधी पंचवीस-तीस माणसं जमत.

आता कपडे. थोरो पै-पैचा हिशेब देतो: जुन्या हजार विटा 4 डॉलर, खिळे 3.90, झोपडीचा एकूण खर्च 28 डॉलर साडेबारा सेंट. त्याच हिशेबात तो लिहितो की धुणं आणि शिवणटिपण बहुतेक बाहेर झालं, त्याचं बिल अजून आलेलं नाही. अधूनमधून बाहेर जेवल्याचंही तिथेच आहे. त्या धुण्यामागच्या कष्टांची किंमत त्याने धरली नाही, ही टीका रास्त आहे. पण ज्याने स्वतः नोंद केली त्याला ढोंगी कसं म्हणायचं? ‘वॉल्डन’चा मराठीत दुर्गाबाई भागवतांनी केलेला अनुवाद आहे. मजकूर पुढे ढकलण्याआधी तो जरूर वाचा.

‘रिकामटेकडा होता’ हा आरोप तर अजिबात टिकत नाही. अडीच एकरांत मुख्यतः घेवड्याचं पीक: खर्च 14 डॉलर साडेबाहत्तर सेंट, उत्पन्न 23.44. वॉल्डन तळ्याला तळच नाही, असं लोक मानत. 1846 मध्ये, बर्फ वितळण्याआधी, त्याने होकायंत्र, साखळी आणि दोरी घेऊन ते मोजलं. मासेमारीच्या दोरीला साधारण पाऊण किलोचा दगड. दगड तळाला टेकलेला असताना दोरी जास्त जोराने ओढावी लागते. तो सुटला की खाली पाणी शिरतं आणि ओढ हलकी होते. त्यावरून तळ नेमका कळे. सर्वांत जास्त खोली भरली 102 फूट.

पुढे 1850च्या दशकात कॉन्कॉर्डमध्ये, म्हणजे त्याच्या गावी, कोणतं रानफूल कधी उमललं, याच्या तारखा तो टिपत राहिला. त्याच तारखांशी तुलना करून शास्त्रज्ञांनी दाखवलं, की तापमानवाढीमुळे तिथली बरीच फुलं आता तेव्हापेक्षा लवकर उमलतात.