बोजोलेला नाक मुरडणाऱ्यांनो

आज डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय. भारतातून आलेल्या एका पाहुण्यांना हौसेने इथल्या, म्हणजे फ्रान्समधल्या लियों शहराच्या बूशोंमध्ये जेवायला नेलं. बूशों म्हणजे जुन्या वळणाची खानावळ. चौकड्यांचे टेबलक्लॉथ, डुकराचे नाना प्रकार आणि जाड बुडाच्या 460 मिलीच्या बाटलीतून येणारी बोजोले, म्हणजे इथून जवळच्या बोजोले भागातली हलकी रेड वाईन. साहेबांनी यादी चाळली आणि म्हणाले, "ही नको, जरा भारीतली सांग. बोर्दो आहे का?" म्हणजे बड्या नावाची फ्रेंच वाईन. वर मला ज्ञान, की रेड वाईन गार प्यायची नसते!

अहो, आमच्या घरमालकीणबाई ऐंशीच्या पुढच्या. ब्रुयीची, म्हणजे बोजोलेतल्याच एका भागातल्या वाईनची, बाटली जेवणाआधी अर्धा तास फ्रिजात टाकतात. पहिल्यांदा त्यांच्याकडे जेवले तेव्हा पानात पिस्ते घातलेलं गरम सॉसेज आणि उकडलेले बटाटे होते. चरबी टाळूला चिकटलेली, आणि त्यावर तो गार घोट! तोंड लख्ख, पुढच्या घासाला तयार. जेवणात वाईनने आणखी काय करायचं असतं?

यात जादूबिदू काही नाही. बोजोले ज्या गामे द्राक्षापासून बनते, त्यात आंबटपणा भरपूर, तुरटपणा बेताचा. बोजोलेत घड न कुस्करता अख्खेच टाकीत घालतात, आंबणं दाण्याच्या आतच सुरू होतं, म्हणून फळाचा वास टिकतो आणि सालीतलं टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, फारसं उतरत नाही. अशी वाईन 13-14 अंशांवर खुलते. टॅनिनवाली बोर्दो तेवढी गार केली तर कडवट होते. आणि माशाबरोबर? साहेबांनी केनेल मागवली होती, म्हणजे माशाचे मऊ गोळे, वर झिंग्यांचा सॉस. बोर्दोचा घोट घेतला आणि चेहरा असा झाला, जणू खिळा चाटला. बोलले मात्र काही नाहीत.

तुच्छतेचा हा रोग जुना आहे म्हणा. 1395 साली बर्गंडीच्या ड्यूक फिलिपने गामेला बेइमान ठरवून आपल्या मुलखातून उपटून टाकायचा हुकूम काढला होता. दक्षिणेला बोजोलेच्या ग्रॅनाइटच्या टेकड्यांवर ती मस्त रुजली.

असो, राग जरा उतरला. त्यांचा तरी काय दोष? आपल्याकडे वाईन शिकवतात तीच किमतीवरून. आणि हो, नोव्हेंबरातल्या तिसऱ्या गुरुवारी येणाऱ्या बोजोले नूवोनेही, म्हणजे त्याच वर्षीच्या ताज्या वाईननेही, थोडं नाव घालवलंय, काही बाटल्यांना केळ्याच्या गोळीचा वास येतो. बरं, मान्य. पण बोजोलेतलीच मॉर्गों घ्या, मुलँ-आ-व्हाँ घ्या. चांगल्या सालची असेल तर दहा वर्षं मजेत मुरते.

दिवाळीत घरमालकीणबाईंना कमी तिखटाचा खिमा नेऊन दिला. त्यांनी डब्याचं झाकण उघडून वास घेतला आणि काही न विचारता ब्रुयी फ्रिजात टाकली. पॉइंट, रेटिंग, लेबल, काही नाही. नाकाने ठरवलं! तांबड्या रश्श्याबरोबर मात्र कुठली, असं मला विचारू नका. अल्कोहोलने तिखट आणखी भडकतं. तिथे सोलकढीच.

आणि बिल आल्यावर साहेब म्हणतात, "जेवण ठीक होतं, वाईन काही जमली नाही." स्वतः निवडलेली! कमेंटमध्ये बोर्दोच्या बाटल्यांचे फोटो टाकायचे तर खुशाल टाका, पण सोबत पानात काय होतं तेही लिहा.