सर्वोत्तम बाँड ठरवताना पानठेल्यावर घ्यावयाची काळजी

धान कापून झालं आहे, चुरणा म्हणजे मळणी व्हायची आहे, मोटारीची लाईन रात्री बाराशिवाय येणार नाही आणि पानठेल्याच्या बाकावर एका माणसाची जागा आहे. अशा वेळी कोणीतरी खर्रा, म्हणजे घोटलेली सुपारी-तंबाखू, गालात सरकवून म्हणतो, "काही म्हना, खरा जेम्स बाँड एकच." इथून पुढच्या दोन-तीन तासांत गावातली तुमची पत ठरणार असते. सोसायटीचं कर्ज थकलं तर कधी ना कधी माफी मिळते. बाँड चुकीचा निवडला तर नातवापर्यंत ऐकून घ्यावं लागतं. म्हणून थोडी तयारी करूनच बाकावर बसा.

सर्वांत आधी एक पथ्य: सिनेमे पाहू नका. १९६२ ते २०२१ या काळात मूळ मालिकेचे पंचवीस सिनेमे आले आणि बाँड होणारे नट बदलत गेले. तेवढे सगळे पाहत बसलात तर तुमचं मत पातळ होईल. यातही बरं आहे, त्यातही बरं आहे, असं काहीतरी बोलायला लागाल आणि तसं बोलणाऱ्याला चिमूर-नागभीड पट्ट्यात कोणी चहा पाजत नाही. एक सिनेमा अर्धा पाहिलेला असावा, बाकीचे ऐकलेले असावेत. मत पक्कं राहायला एवढं पुरतं.

समोरच्याचा बाँड कोणता हे ओळखायचं असेल तर त्याला बाँड विचारू नका, मॅट्रिकचं वर्ष विचारा. नागपूरला होस्टेलात राहून शिकलेला म्हातारा असेल तर शॉन कॉनरी. व्हीसीआर भाड्याने आणून गोठ्यासमोर रात्रभर तीन सिनेमे पाहिलेल्या पिढीतला असेल तर रॉजर मूर. डिशची छत्री आली तेव्हा दहावीत असेल तर पिअर्स ब्रॉस्नन. मोबाईलवर पाहणारा पोट्टा असेल तर डॅनियल क्रेग. हा हिशेब सहसा चुकत नाही. मात्र तो उघडपणे मांडू नका. प्रत्येकाला आपण अभिनयावरून निवड केली असं वाटत असतं आणि तसंच वाटू द्यावं. ‘त्याच्यासारखी नजर पुन्हा झाली नाही’ असं म्हणायचं. त्या वर्षी आपल्याला मिशी फुटत होती, हे म्हणायचं नाही.

मूरच्या पक्षात जायचं ठरवलंत तर तुमच्या बाजूला निवृत्त गुरुजी असतील, ही जमेची बाजू. १९७३ ते १९८५, सात सिनेमे, एकही खंड नाही. याला गुरुजी सेवाज्येष्ठता म्हणतात. शेवटचा सिनेमा आला तेव्हा मूर सत्तावन्न वर्षांचा होता आणि राज्य शासनाच्या नियमाप्रमाणे अठ्ठावन्नला निवृत्तीच, तेव्हा त्याचं सगळं नियमात बसतं. ‘इतक्या वयात पळता येत होतं का त्याला?’ असं कोणी विचारलं तर उत्तर देऊ नका. नुसती एक भुवई वर करा. मूरनेही बारा वर्षं तेवढंच केलं, असं त्याचे विरोधक म्हणतात.

पण मूरवाल्यांना एक गोष्ट बजावून सांगतो. ‘ऑक्टोपसी’चा विषय ताडोब्याच्या बफरमध्ये काढू नका. १९८३ चा सिनेमा, शूटिंग आपल्या उदयपूरचं, कबीर बेदी आणि विजय अमृतराज त्यात आहेत, म्हणून तोंडावर नाव येतंच. तरी गिळा. कारण त्यात बाँड शिकाऱ्यांपासून जीव वाचवत जंगलातून पळतो, समोर वाघ येतो, बाँड बोट वर करून त्याला ‘सिट’ म्हणतो आणि वाघ बसतो.

हे दृश्य लंडनमध्ये लोकांनी हसून सोडून दिलं असेल. इथे बाकावर बसलेल्यांपैकी निम्म्यांचं शेत जंगलाला लागून आहे. इथे वाघ रस्त्यावर बसला तर एस.टी. थांबते, तो उठेपर्यंत थांबते, आणि कंडक्टर कोणालाही बोट वर करू देत नाही. त्यामुळे तुम्ही ते दृश्य सांगितलं की आधी शांतता पसरते. मग बीटचा वनरक्षक हळूच विचारतो, "मंग पंचनामा कोन केला जी?" दुसरा म्हणतो, वाघ इंग्रजी शाळेतला असन. तिसरा, ज्याची गाय गेल्या पावसाळ्यात गेली आणि जो भरपाईच्या कागदासाठी अजून चकरा मारतो आहे, तो काहीच बोलत नाही आणि खर्रा थुंकायला उठतो. मागून चहावाल्या काकू कप विसळता विसळता निकाल देतात, "त्याले म्हना, चैतात ये आमच्यासंगं मोहफुलं येचाले. मंग पाहू कोन कोनाले बसवते."

यावर मूरवाल्यांकडे उत्तर नाही. कोणी म्हणेल, अकोला-बुलढाण्याकडे जाऊन हा मुद्दा मांडावा, तिकडे चालून जाईल. मला तेवढी खात्री नाही. २०१९ मध्ये यवतमाळकडच्या टिपेश्वर अभयारण्यातला एक तरुण वाघ चालत चालत थेट बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यापर्यंत गेला होता. बोट वर करून त्याला कोणी वाटेत थांबवल्याची नोंद नाही.

कॉनरीचं काम सोपं आहे. पहिला तो, म्हणून खरा तो, एवढ्यावर त्याचे लोक आयुष्य काढतात. दूध संकलनवाला हमखास कॉनरीचा असतो, कारण कॉनरीने उमेदीच्या काळात एडिंबरात दूध घरोघरी पोचवलं होतं, हे त्याला कुठून तरी कळलेलं असतं. फॅटचा विषय त्याच्याशी काढू नका. कॉनरीच्या डोक्यावर बाँड असताना खोट्या केसांचा टोप असे, हा मुद्दा तुम्ही काढू शकता, पण बाकावर टोपी घालून कोण कोण बसलं आहे ते आधी पाहून घ्या.

कॉनरीवाल्यांना खरी अडचण येते ती त्याच्या येण्याजाण्याची. १९६७ नंतर त्याने सोडलं, १९७१ ला परत आला, पुन्हा सोडलं, यापुढे कधीच नाही असं सांगितलं, आणि १९८३ मध्ये दुसऱ्याच निर्मात्याकडून पुन्हा उभा राहिला. सिनेमाचं नावच ‘नेव्हर से नेव्हर अगेन’. म्हणजे एकाच वर्षी अधिकृत पॅनलकडून मूर आणि बंडखोर म्हणून कॉनरी, दोघांकडेही ००७ हेच चिन्ह! बाहेरच्या लोकांना याचं नवल वाटतं. आपल्या ग्रामपंचायतीची एकही निवडणूक ज्याने जवळून पाहिली आहे त्याला वाटणार नाही. गल्ला मूरचा जास्त झाला. कॉनरीवाले त्यावर म्हणतात की गल्ला हा काही निकष नाही, आणि पडलेला उमेदवार जगभर हेच म्हणतो.

ब्रॉस्ननबद्दल पानठेल्यावर बोलताना आवाज आदराचा ठेवा. तो आपल्या धंद्यातला माणूस आहे. २०१६ मध्ये तो पानमसाल्याच्या जाहिरातीत दिसला, हातात डबी घेऊन, आणि त्या आठवड्यात त्याचे जुने सिनेमे इथे नव्याने आवडू लागले. पुढे त्याने खुलासा केला की आपली दिशाभूल झाली, ही तोंडाला ताजेपणा देणारी, दात पांढरे करणारी वस्तू आहे असं आपल्याला सांगण्यात आलं होतं. हा खुलासा बाकावर वाचून दाखवायचा असेल तर आधी सगळ्यांना तोंड मिटायला सांगा. ठेलेवाला त्या वेळी पन्नीत सुपारी-तंबाखू-चुना घोटत असतो, तो न थांबता म्हणतो, "एवढा मोठा जासूस, अन् डबीत काय आहे तेच त्याले समजलं नाही?" इतक्या वर्षांत ब्रॉस्ननवर याहून कडक टीका मी वाचलेली नाही.

त्याच्या २००२ च्या सिनेमातली अदृश्य होणारी गाडी हाही नाजूक विषय आहे. समीक्षकांनी तिची खूप टिंगल केली. आपण करू नये. आपल्याकडे पहिल्याच पावसात अख्खा डांबरी रस्ता अदृश्य होतो आणि बिल निघालेलं असतं, तिथे एका गाडीचं काय घेऊन बसलात.

टिमोथी डाल्टनला गावात एकच मत आहे आणि ते मंडईत, म्हणजे आपल्याकडच्या गावजत्रेत, नाटक करणाऱ्या नटाचं. डाल्टन रंगभूमीवरून आलेला, १९८७ आणि १९८९ असे दोनच सिनेमे केलेला, पुढे निर्मात्यांची कोर्टकचेरी सुरू झाली आणि सहा वर्षं बाँडच आला नाही. वडसा-देसाईगंजच्या कंपन्यांत ज्याने हंगाम काढले आहेत त्याला हे सगळं स्वतःचं चरित्र वाटतं. त्याच्याशी वाद घालू नका, नाहीतर तो उठून उभा राहील आणि मग रात्रभराचा प्रयोग होईल.

क्रेगला पाठिंबा द्यायचा तर मुहूर्त पाहून द्या. पोळ्याच्या आठवड्यात द्या. त्या दिवसांत गावोगाव बावन्न पत्त्यांची बैठक बसलेली असते आणि ‘कॅसिनो रॉयल’मधला क्रेग पत्त्यांच्या टेबलावर हरतो, पैसे मागून आणतो, मधेच कोणी विष घालतं तर बाहेर जाऊन मरता मरता वाचतो आणि पुन्हा येऊन त्याच खुर्चीत बसतो. अशी निष्ठा पोळ्यातच समजते. सिनेमा येण्याआधी, म्हणजे २००६ च्या आधी, याचे केस भुरे आहेत, हा कसला बाँड, म्हणून लोकांनी बहिष्काराची भाषा केली होती. सिनेमा आल्यावर तेच लोक टाळ्या वाजवायला पुढे होते. या लोकांना नावं ठेवू नका, तालुक्यात त्यांची संख्या मोठी आहे.

२०२१ च्या सिनेमात क्रेगचा बाँड मरतो, यावर पोट्टे हळवे होतात. बाँड मेला तर आता पुढचा कुठून येणार, असं विचारतात. त्यांना आपल्या झाडीपट्टीच्या नाटकाला घेऊन जा. इथे नायक पहाटे चारला मरतो, बाया पदराने डोळे पुसत घरी जातात, आणि दुसऱ्या रात्री दुसऱ्या गावच्या मंडईत तोच नायक पहिल्या अंकात हसत प्रवेश करतो. त्यात अडचण कोणाला वाटलेली नाही.

आता आवाजाविषयी. ‘कॉनरीचा तो आवाज!’ असं डोळे मिटून म्हणायला शिका. तुम्ही आणि समोरचा, दोघांनीही त्याला हिंदीतच ऐकलेलं आहे, दुपारी दोनच्या चॅनेलवर, मधे मधे खताची जाहिरात. पण हे दोघांनाही माहीत असल्यामुळे दोघेही बोलत नाहीत. कोणी उपटसुंभ बोललाच तर त्याला सांगा की इंग्रजीतही काही वेगळं नव्हतं. ‘गोल्डफिंगर’च्या खलनायकाला दुसऱ्याचा आवाज दिला होता. आणि जॉर्ज लेझनबी तर खुद्द बाँड असून त्याच्या काही प्रसंगांत आवाज दुसऱ्या नटाचा आहे.

लेझनबी हा राखून ठेवायचा पत्ता. ऑस्ट्रेलियाचा मॉडेल, त्याआधी जाहिराती केलेला. कॉनरीच्या न्हाव्याकडे केस कापून आणि कॉनरीसाठी शिवलेला, पण त्याने न नेलेला सूट घालून मुलाखतीला गेला म्हणे, आणि घेतला गेला. १९६९ चा एक सिनेमा केला. पुढच्या अनेक सिनेमांचा करार समोर होता, तो सोडून हा मोकळा. त्याचा सिनेमा बाकावर कोणीच पाहिलेला नसतो, म्हणून ‘खरं म्हणाल तर लेझनबी’ एवढं म्हटलं की सगळे गप्प होतात आणि तुमच्याकडे शिकलेला माणूस म्हणून पाहतात. महिन्यातून एकदाच वापरा. रोज वापरलात तर घरचे तुम्हाला नागपूरला दाखवायला नेतील.

घरी हा विषय नेऊ नका हे सांगायला नको. नेलात तर बचत गटाच्या बाया एकमताने जुडी डेंचचं नाव घेतील. ती बाँड नाही, बाँडची साहेब आहे, असं समजावण्यात अर्थ नाही. १९९५ च्या सिनेमात कार्यालयातले पुरुष तिला आकड्यांत रमणारी बाई म्हणून पाठीमागे हसतात, आणि ती बाँडला समोर बसवून डायनासोर म्हणते. ज्या बाईने दर महिन्याला गटाचं रजिस्टर लिहिलं आहे तिला त्या खोलीत नेमकं कोण काम करत होतं, हे लगेच कळतं. तुम्हाला तिथे पिस्तूल दिसलं होतं.

शेवटी सगळ्यात मोठा धोका. कधी कधी वाद मिटण्याच्या बेतात येतो. गुरुजी दमतात, दूधवाल्याला गाडीची वेळ होते, कोणीतरी म्हणतं की सगळेच आपापल्या जागी चांगले. इथे सावध राहा. लगेच डेव्हिड निव्हनचं नाव टाका. १९६७ च्या एका विनोदी सिनेमात तो म्हातारा, निवृत्त सर जेम्स बाँड झाला होता. तो धरायचा की नाही धरायचा यावर उठलेले लोक पुन्हा खाली बसतात, आणखी एक खर्रा घोटला जातो. त्यानेही भागलं नाही तर क्रेगनंतर कोण, हा प्रश्न आहेच. त्यात तर प्रत्येक जण भाच्याचं नाव सुचवू शकतो.

आणि एवढं करूनही समोरचा अचानक मान हलवून म्हणाला, "पटलं जी तुमचं, कॉनरीच," तर घाबरून जाऊ नका. चुन्याची डबी मागा, थोडं थांबा, आणि म्हणा, "तसं नाही गा. मूरची गोष्टच येगळी होती."