काटकसरी माणसाला जेरीस आणणारी खरेदी

प्रत्येक घरात एक तरी काटकसरी माणूस असतो. टूथपेस्टची ट्यूब उभी कापून आतली पेस्ट काढणारा, पार्सलची दोरी सोडवून गुंडाळून ठेवणारा. त्याला छळायचं असेल तर मोठी खरेदी करून काही साधत नाही, हे आधी लक्षात घ्या. नवा फ्रिज आणला तर तो दोन दिवस कुरकुरतो आणि मग किमतीला पंधरा वर्षांनी भागून 'दिवसाला फार पडत नाही' अशी स्वतःची समजूत घालतो. त्याचा हा भागाकार जिथे चालत नाही तिथे घाव घातला पाहिजे. म्हणून वस्तू अशी आणा, की घरात आल्या दिवसापासून तीच पुढची खरेदी करायला लावेल. तिच्यात दर महिन्याला काहीतरी भरावं लागलं पाहिजे, काहीतरी बदलावं लागलं पाहिजे, आणि तिला पुसायला वेगळी बाटली लागली तर उत्तमच.

या कसोटीला पुरेपूर उतरतो तो घरगुती इंकजेट प्रिंटर. त्यातला सगळ्यात स्वस्त निवडा. चार आण्याची कोंबडी आली की बारा आण्यांचा मसाला आपोआप मागे येतो. सोबत मिळणाऱ्या कार्ट्रिजमध्ये, म्हणजे शाईच्या डबीत, बऱ्याचदा नेहमीपेक्षा कमी शाई असते, त्यामुळे पहिली खेप लवकर आटोपते. खोक्यावर 'इतकी पानं निघतील' असा आकडा असतो. तो वाचून काटकसरी माणूस कागद-पेन्सिल घेऊन बसेल. बसू द्या. पानाचा साधारण ५ टक्के भागच शाईने भरला असं धरून तो आकडा काढलेला असतो, म्हणजे चार ओळींचं पत्र. तुम्ही पानभर गडद निळ्या आकाशाचा फोटो छापा, तोही 'बेस्ट' क्वालिटीत.

त्यानंतर दोन-तीन महिने प्रिंटरला हात लावू नका. जागा खिडकीतली, ऊन येणारी असावी. ही शाई बहुधा पाण्यावर आधारलेली असते, ती प्रिंटहेडच्या, म्हणजे कागदावर शाई उडवणाऱ्या भागाच्या, केसाहून बारीक छिद्रांत वाळून बसते. मग पानावर पांढरे पट्टे उमटतात. पट्टे दिसले की 'हेड क्लीनिंग'चा हुकूम सोडा. एकदा, दोनदा, तीनदा. दर वेळी शाई छिद्रांतून ओढली जाते आणि यंत्राच्या तळाशी असलेल्या स्पंजात जाऊन मुरते. एक अक्षरही न छापता कार्ट्रिज संपवण्याचा हा राजमार्ग आहे. तीन रंग एकाच कार्ट्रिजमध्ये असलेलं मॉडेल मिळालं तर सोडू नका, कारण पिवळा संपला की उरलेला निळा आणि किरमिजी रंगही कचऱ्यात जातो. पुढे तळाचा स्पंज भरला असा हिशेब यंत्रानेच मांडला की काही प्रिंटर काम थांबवतात आणि दुरुस्तीला न्या म्हणतात. दुरुस्तीचा खर्च ऐकून तुम्ही नवा घ्या. त्यात पुन्हा कमी भरलेलं कार्ट्रिज असेलच.

या कामी काटकसरी माणूस स्वतःच हातभार लावतो, ही यातली खरी मौज. वीज वाचावी म्हणून तो प्रिंटर भिंतीवरच्या बटणाने बंद करतो. यंत्राच्या स्वतःच्या बटणाने बंद केलं तर प्रिंटहेड आपल्या जागी जाऊन टोपीखाली बसतं आणि शाई ओली राहते. मधेच वीज तोडली तर ते वाटेत कुठेतरी उघडंच राहतं, आणि पुन्हा सुरू केल्यावर बरेच प्रिंटर आधी सफाईला लागतात. थेंबभर वीज वाचते, शाई मात्र जाते. त्याला हे सांगण्याची घाई करू नका. लेझर प्रिंटरचा विषयही काढू नका. टोनर ही मुळात कोरडी पूड, ती वर्षभर पडून राहिली तरी वाळत नाही. असल्या अरसिक यंत्राला घरात थारा नको.

आता कपड्यांकडे वळू. इथे एका बाटलीतून चार बाटल्या कशा जन्माला येतात ते पाहण्यासारखं आहे. सुरुवात लिक्विड डिटर्जंटपासून करा. टोपणाच्या आत पुसट रेघा असतात आणि नेहमीच्या धुण्याला बहुधा खालची रेघ पुरते. तुम्ही टोपण काठोकाठ भरा. जास्तीचा साबण एका खळबळीत निघत नाही, कापडात राहतो आणि कापड कडक होतं. कडक कपड्यांवर उपाय म्हणून फॅब्रिक सॉफ्टनर आणा आणि तो टॉवेलांवर सढळ हाताने ओता. सॉफ्टनर धाग्यावर मेणचट थर चढवतो. हाताला मऊ लागतं ते त्यामुळेच, आणि टॉवेल पाणी टिपायचं सोडतो तेही त्यामुळेच. अंग पुसलं की पाणी इकडचं तिकडे होतं, बस. आता 'जास्त शोषणारे' नवे टॉवेल घ्या आणि त्यांनाही सॉफ्टनर पाजा.

मशीन कायम थंड पाण्यावर चालवलंत तर साबण आणि सॉफ्टनर ड्रमच्या मागे आणि दाराच्या रबरी पट्टीत बुळबुळीत होऊन साचतात. कपड्यांना कुबट वास येऊ लागतो. तो झाकायला सुगंधी मणी, आणि मणी टाकूनही जात नाही म्हणून मशीन साफ करायच्या गोळ्या. साखळी पूर्ण झाली. ही साखळी तोडण्याचा मार्ग काटकसरी माणसाला ठाऊक असतो, म्हणून त्याला धुण्यापासून लांब ठेवा. तो डिटर्जंट निम्म्यावर आणेल, सॉफ्टनर बंद करेल, टॉवेल दोन-तीनदा नुसत्या गरम पाण्यात फिरवेल, महिन्यातून एकदा मशीन रिकामंच सर्वांत गरम पाण्यावर चालवेल आणि दार उघडं ठेवून वाळू देईल. बाटल्या तशाच पडून राहतील.

घर पुसण्याच्या बाबतीत नियम एकच, प्रत्येक पृष्ठभागाला वेगळी बाटली. काचेला एक, ओट्याला एक, बाथरूमला एक, स्टीलला एक. काचेच्या तयार स्प्रेमध्ये ९० टक्क्यांच्या वर पाणी असतं. बाकी थोडं अल्कोहोल, किंचित साबण, निळा रंग आणि वास. पाणी नळाला येतं खरं, पण ते निळं नसतं. अर्धा लिटर पाण्यात भांड्यांच्या साबणाचे चार-पाच थेंब घातले की ओटा, फ्रिजचं दार आणि दिव्याची बटणं तितकीच स्वच्छ निघतात. काचेला पाण्यात थोडं व्हिनेगर पुरतं. (संगमरवरावर मात्र नको, आम्लाने तो खरवडल्यासारखा निस्तेज होतो.)

काटकसरी पंथातही या विषयावर अंधश्रद्धा कमी नाहीत, त्यांना अवश्य खतपाणी घाला. सर्वांत लाडकी म्हणजे खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून 'जबरदस्त क्लीनर' बनवणं. फेस छान येतो. सोडा अल्कली, व्हिनेगर आम्ल, दोघं एकमेकांना संपवतात आणि उरतं ते जवळपास खारट पाणी. म्हणजे दोन कामाच्या वस्तू मिसळून एक बिनकामाची तयार झाली. काटकसर करत उधळपट्टी करायची याहून स्वच्छ पद्धत सापडणार नाही. एक गोष्ट मात्र थट्टा बाजूला ठेवून: ब्लीच आणि संडास साफ करायचं आम्ल, किंवा ब्लीच आणि अमोनिया असलेला क्लीनर कधीही एकत्र करू नका. त्यातून निघणारा वायू फुप्फुसांना जाळतो.

स्वयंपाकघरात सुऱ्यांचा पंधरा नगांचा संच आणा, लाकडी ठोकळ्यासकट. रोजच्या वापरात एक मोठी, एक छोटी आणि फार तर एक करवती दात्यांची एवढ्याच येतात. उरलेल्या बारा ठोकळ्याच्या ओलसर खाचांत शांतपणे डाग धरतात. चिरायला काचेचा बोर्ड घ्या. दिसायला सुरेख, आणि काच कठीण, लाकडासारखी दबत नाही, त्यामुळे धार लवकर जाते. मग भाजी चिरडायला लागते, म्हणून इलेक्ट्रिक चॉपर घ्या. एका कांद्यासाठी भांडं, झाकण, रबर आणि दुधारी पातं असे चार भाग धुवायचे. काटकसरी माणूस मधेच एखादा चिनीमातीचा कप पालथा घालेल, तळाच्या खरबरीत, चकाकी नसलेल्या कडेवर सुरी १५ ते २० अंशांत आठ-दहा वेळा फिरवेल आणि टोमॅटो कागदासारखा कापून दाखवेल. तो दिसला की विषय बदला.

नॉनस्टिक तव्याचं काम सोपं आहे. मोठ्या आचेवर रिकामा ठेवून फोन घ्या. २६० अंश सेल्सिअसच्या वर गेलं की त्याचा लेप बिघडू लागतो, आणि रिकामा तवा तिथे काही मिनिटांत पोचतो. मग स्टीलचा उलथना. वर्षाला एक तवा सहज लागतो.

सेलवर चालणाऱ्या वस्तू वेगळ्या सांगायला हव्यात, कारण त्यांचा खर्च नजरेत भरत नाही. हात पुढे केला की साबण सोडणारी बाटली, जवळ गेलं की झाकण उघडणारी कचरापेटी, बटण दाबलं की फिरणारी मिरीची चक्की. एका अल्कलाइन पेन्सिल सेलमध्ये जेमतेम ३ वॅट-तास ऊर्जा मावते. भिंतीतल्या एक युनिट विजेइतकी ऊर्जा सेलांतून घ्यायची तर सुमारे ३०० ते ३५० सेल लागतील. एवढी महाग वीज घरात दुसरी कुठलीच नसते, आणि ती खर्च होते कचरापेटीचं झाकण उचलायला! वस्तू लवकर बिघडावी असं वाटत असेल तर जुने आणि नवे सेल एकत्र घाला. जुना आधी रिकामा होतो, नवा त्यातून जबरदस्तीने प्रवाह ढकलत राहतो, जुना उलटा चार्ज होऊन फुटतो आणि संपर्काच्या पट्ट्यांवर पांढरी पूड जमते. ती अल्कली असते. व्हिनेगरात बुडवलेल्या कापसाच्या काडीने पुसून, वाळवून वस्तू बऱ्याचदा पुन्हा चालू होते, पण तुम्ही एवढ्या खोलात शिरू नका.

सोन्याचा मुलामा दिलेली महाग एचडीएमआय केबल जरूर घ्या. डिजिटल सिग्नल नीट पोचला तर चित्र तेच दिसतं, मुलामा काहीही असो. तेवढंच सोनं घरात आलं.

आणि 'बचतीची' उपकरणं. यांच्यावर काटकसरी माणूसही भाळतो, म्हणून ती त्याच्या हातूनच आणवा. टीव्ही स्टँडबायवर वीज खातो असं कुठेतरी वाचून त्याची झोप उडालेली असते. त्याला वाय-फायवरचा स्मार्ट प्लग सुचवा. हल्लीच्या बऱ्याच टीव्हींचा स्टँडबाय वापर अर्ध्या वॅटच्या आसपास असतो. प्लग मात्र वाय-फाय धरून ठेवण्यासाठी स्वतः सुमारे १ वॅट खातो, तोही चोवीस तास. १ वॅट वर्षभर म्हणजे ८.७६ युनिट. अर्धा वाचवायला एक खर्च, आणि मोबाइलवर हिरवा आलेख पाहून समाधान.

सर्वांत मोठा धोका दुरुस्तीचा. मिक्सर अचानक बंद पडला की लगेच नव्याची चौकशी सुरू करा, कारण उशीर झाला तर काटकसरी माणूस तो उलटा करेल. खाली बहुधा लाल बटण असतं. भार जास्त झाला की ते बाहेर उसळतं आणि मोटर वाचते. मोटर पंधरा-वीस मिनिटं थंड होऊ दिली आणि बटण दाबलं की मिक्सर सुरू. मोटर घुमते पण भांड्यातलं पातं फिरत नाही, अशी तक्रार असेल तर मोटर आणि भांडं जोडणारा मधला कपलर झिजलेला असतो. मोटरच्या ऐवजी आपण तुटावं म्हणूनच तो मुद्दाम मऊ केलेला असतो आणि अगदी किरकोळ किमतीत मिळतो. इथे तुम्हाला एकच आशा आहे. बहुतेक मिक्सरांत कपलरचे आटे उलटे असतात, नेहमीच्या दिशेला फिरवला तर तो आणखी घट्ट बसतो. त्याला ती युक्ती माहीत नसली आणि हाताशी पक्कड असली, तर नवा मिक्सर नक्की.

इतकं करूनही तो खचत नसेल तर त्याला कॉफीच्या कॅप्सूलचं यंत्र भेट द्या. एका छोट्या कॅप्सूलमध्ये ५ ते ६ ग्रॅम कॉफी असते, म्हणजे पाव किलोच्या पाकिटातून अशा चाळीस-पन्नास भरल्या असत्या. हा हिशेब तो यंत्र उघडायच्या आत करेल. टाकून देणं त्याच्या तत्त्वात बसत नाही, वापरणं जिवावर येतं, आणि तुम्ही दर भेटीत 'कशी आहे कॉफी?' विचारणार असल्याने दुसऱ्याला खपवताही येत नाही. कॅप्सूलचं पहिलं पाकीट तुमच्यातर्फे द्या. संपलं की तो रिकाम्या कॅप्सूल धुऊन, साधी कॉफी भरून, वर फॉइल चिकटवून बघेल. फॉइल दाबाला टिकत नाही, पाणी कडेने सुटतं आणि कपात पिवळट पाणी पडतं. मग तो पुन्हा पुन्हा भरता येणाऱ्या स्टीलच्या कॅप्सूल शोधू लागेल, त्यांच्यासाठी कॉफी दाबायचा छोटा ठोकळा शोधेल, आणि दळण बारीक हवं म्हणून ग्राइंडर. तेही स्वतःच्या खिशातून, बचतीसाठी.