२५६ खाने मोजता मोजता गेलेली रात्र

रात्रभर लॅपटॉपचा पंखा बोंबलत होता. हजारो फोटोंत ० ते २५५ पैकी कुठल्या उजेडाचे किती पिक्सेल (ठिपके) आहेत, ते मोजणारी माझी पायथन स्क्रिप्ट चालू होती. सकाळी बघतो तर मेलेली! म्हणे ॲरेंचे (आकड्यांच्या रांगांचे) शेप जुळत नाहीत. एकच फोटो, अंधारातला, त्यातला सगळ्यात उजळ पिक्सेल १९३. बिनकाउंटला, म्हणजे मोजणी करणाऱ्या फंक्शनला, मिनलेंथ (किमान खाने) २५६ द्यायचं राहिलं, तर त्या शहाण्याने ० ते १९३ असा १९४ खान्यांचा ॲरे हातावर ठेवला. नियमाने बरोबरच आहे त्याचं. पण मेल्या, मरायचंच होतं तर पहिल्या फोटोला मर की! हजारो फोटो गिळून पहाटे कसला मरतोस? आणि तोवरचे निकाल? गेले. सगळं शेवटी एकदम डिस्कवर लिहू, असं ठरवणारा महाभाग मीच.

जुन्या कोडात काय होतं, तर गेटपिक्सेल, एका वेळी एकच पिक्सेल वाचणारं. लूपच्या पोटात लूप. ४००० बाय ३००० चा फोटो, म्हणजे १ कोटी २० लाख वेळा एकेका पिक्सेलचं दार वाजवायचं. ते काढून नमपायमध्ये (अख्खा ॲरे एकदम हाताळणाऱ्या लायब्ररीत) आणलं, तर आठ बिटांत २५५ च्या पुढे आकडा पुन्हा शून्यापासून, म्हणून २०० अधिक १०० बरोबर ४४! लख्ख आकाश काळंकुट्ट. एक एरर नाही, काही नाही.

वर फुकटचे सल्ले. "अरे, मल्टिप्रोसेसिंग लाव ना." लावलं. काम अनेक प्रोसेसना वाटायचं; मुख्य प्रोसेसमध्ये फोटो उघडायचा आणि उलगडलेला ३६ एमबीचा ॲरे पिकल करून (बांधाबांध करून) वर्करकडे, म्हणजे हाताखालच्या प्रोसेसकडे, धाडायचा, असं लावलं. आधीपेक्षा हळू. नुसता पाथ (फाइलचा पत्ता) पाठवायचा असतो हे सुचायला मला जेवण सोडावं लागलं.

शेवटी चिडून प्रोफायलर (कुठे किती वेळ जातो ते दाखवणारं टूल) लावला. पहिल्याच दिवशी लावायचा असतो तो, माहीत आहे, गप्प बसा. ज्या मोजणीसाठी मी केस उपटत होतो तिचा वेळ चिमूटभर. खरे खादाड दोन: जेपेग (दाबून साठवलेला फोटो) उलगडणं, आणि फोटोगणिक मॅटप्लॉटलिब या आलेख काढणाऱ्या लायब्ररीने रंगवलेला पीएनजी आलेख, अक्षांच्या नावांसकट. फिगर (आलेखांची पानं) बंद करायच्या राहिल्याने मेमरीही फुगलेली. वीसच्या वर उघड्या आहेत अशी वॉर्निंग ते बिचारं देत होतं. कटकट नको म्हणून मीच ती दाबली होती.

आणि ते आलेख आजवर एकदाही कुणी उघडलेले नाहीत. मी धरून.

आता आलेख बंद, मिनलेंथ २५६, दर शंभर फोटोंनी सेव्ह. पुन्हा सुरू केलंय. तो अंधारातला फोटो रांगेत पहिला घातलाय.