बेल्टला साबण चोळून गाडी 'रिपेअर' करणाऱ्यांसाठी

पाऊस सुरू झाला की हा मेसेज येतोच येतो. यंदा फॅमिली ग्रुपवर काकांनी टाकला. मेसेज थोडक्यात असा: जुन्या गाडीच्या इंजिनाचा बेल्ट सकाळी ओरडतो ना, गॅरेजला जाऊ नका, ते लुटतात. इंजिन चालू ठेवून बेल्टवर कोरडा साबण नाहीतर मेणबत्ती घासा, आवाज कायमचा बंद. तरी थांबला नाही तर बेल्ट अजून टाईट करा. भेगा दिसत नसतील तर बेल्ट नव्यासारखाच आहे. आणि तुटलाच तर टेन्शन नाही, फक्त एसी बंद पडतो. खाली हात जोडलेले आणि 'सर्व गाडीवाल्यांना पाठवा'.

माझ्याकडे 2003 ची मारुती 800 आहे आणि यातले निम्मे उद्योग मी स्वतः करून बसलोय, म्हणून लिहितोय.

आधी ते 'इंजिन चालू ठेवून'. अहो, आयडलला, म्हणजे गाडी नुसती उभी असताना सुद्धा इंजिन मिनिटाला आठशे-नऊशे फेरे मारत असतं आणि बेल्ट जिथे पुलीवर (ज्या चाकावर तो फिरतो) चढतो तिथे बोट गेलं की गेलं. शर्टाची बाही, ओढणी, हातातलं कडं, काहीही ओढलं जातं. शिवाय रेडिएटरचा फॅन इलेक्ट्रिक असतो, तो कधी फिरायला लागेल ते तुम्हाला विचारून ठरवत नाही. इंजिन बंद, चावी खिशात, मग हात आत. यावर जास्त बोलायची गरज नसावी.

आता साबण. साबणाने आवाज थांबतो हे खरंय, मी नाकारत नाही, आणि म्हणूनच हा मेसेज दरवर्षी फिरतो. पण आवाज येतो कसा ते बघा. बेल्ट पुलीवर क्षणभर पकडतो, सुटतो, परत पकडतो, सेकंदाला शेकडो वेळा, खडू फळ्यावर तिरका धरला की जसा किंचाळतो तसंच. साबण किंवा मेण लागलं की ती पकड-सोड बंद होते आणि बेल्ट गुपचूप घसरायला लागतो. म्हणजे घसरणं तसंच राहिलं, फक्त ओरडणं थांबलं. बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर याच बेल्टवर फिरतो, तो मंदावतो. मग आठवड्याने रात्री हेडलाईट मंद वाटतात, बॅटरी उतरते, सकाळी स्टार्टर नुसता टक टक करतो, आणि आपण बॅटरीवाल्याला शिव्या घालतो. कुणी साबणाऐवजी डब्ल्यूडी-40 (गंजलेले नट सोडवायचा स्प्रे) मारतात, तो तर तेलाचाच प्रकार, त्याने पकड आणखी जाते. बेल्टचा म्हणून जो चिकट स्प्रे मिळतो त्याच्यावर आपल्या रस्त्यावरची धूळ बसून आठ दिवसांत काळा चिखल होतो.

'अजून टाईट करा' हा सल्ला सगळ्यात महागात पडतो, माझा अनुभव आहे. माझ्या गाडीत बेल्ट ओरडायचा, मी अल्टरनेटरचा बोल्ट ढिला करून टॉमीने (लोखंडी दांडीने) बाहेर ओढून आवळायचो, पंधरा दिवस शांतता, परत चीं चीं, परत आवळायचो. असं तीनदा केलं. चौथ्यांदा आवळायची वेळ आलीच नाही, खंबाटकी घाटात टेम्परेचरचा काटा वर चढला, बॉनेट उघडलं तर वॉटर पंपाच्या खालच्या छोट्या भोकातून हिरवं कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) गळतंय आणि पुली हाताने हलवली तर दाढ हलावी तशी हलतेय. बेअरिंगचं भुस्काट झालं होतं. अति ताणलेला बेल्ट अल्टरनेटर आणि वॉटर पंप या दोघांच्या बेअरिंगना एकाच बाजूला ओढत राहतो. आणि गंमत म्हणजे आवाजाचं मूळ कारण कदाचित तेच कूलंट होतं, थोडं थोडं उडून बेल्टवर बसत असणार, म्हणजे मी रोगावर नाही, पेशंटलाच आवळत होतो. अशा गाडीत दोन पुलींच्या मधल्या लांब भागावर अंगठ्याने जोरात दाबलं की बेल्ट साधारण 6 ते 10 मिमी दबला पाहिजे. नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतो. नवा बेल्ट टाकला तर काहीशे किलोमीटरनंतर ताण परत बघायचा, कारण सुरुवातीला तो थोडा सैल होतोच.

भेगांचं बोलायचं तर ती जुनी खूण जुन्या रबराची. हल्लीचे बेल्ट बहुतेक ईपीडीएम नावाच्या कृत्रिम रबराचे, ते भेगा न पडता टायरसारखे झिजतात. वरून बघितलं तर मस्त काळा कुळकुळीत, पण आतल्या धारा (बेल्टच्या लांबीने जाणारे उंचवटे) बारीक झालेल्या असतात. साध्या व्ही बेल्टची (पाचरीच्या आकाराच्या) परीक्षा सोपी आहे: बेल्टने पुलीच्या दोन्ही भिंती धरायच्या असतात, खोबणीच्या तळाला टेकायचं नसतं. तळ चकचकीत दिसला की समजा बेल्ट खाली बसलाय, आता कितीही ताणा, घसरणारच. बेल्टच्या बाजू काचेसारख्या गुळगुळीत झाल्या असतील तरी तेच.

आणि 'फक्त एसी बंद पडतो'! 800 मध्ये एसीचा बेल्ट वेगळा. मेकॅनिक ज्याला अजूनही फॅन बेल्ट म्हणतात (फॅन त्याच्यावर फिरत नाही तरीही) तो अल्टरनेटर आणि वॉटर पंप फिरवतो. तो तुटला की चार्जिंग बंद, पाणी फिरणं बंद, आणि बॅटरीचा लाल दिवा लागलेला असताना 'घरापर्यंत जाऊ' म्हणून गाडी दामटली की इंजिन तापून हेड गॅस्केटचं (इंजिनाच्या वरच्या भागाखालच्या सीलचं) बिल तयार. कुठल्या गाडीत कोणता बेल्ट काय फिरवतो हे वेगळं असतं, आपल्या गाडीचं एकदा बॉनेट उघडून बघून ठेवा.

मेसेजमधली एक गोष्ट मात्र मान्य. ओल्या सकाळी स्टार्ट केल्यावर दोन-चार सेकंद आवाज आला आणि गेला, तर धावतपळत गॅरेज गाठायची गरज नाही. आणि हो, काही गॅरेजवाले बेल्ट न बघताच अल्टरनेटर बदला म्हणतात, मलाही एकाने सांगितलं होतं. म्हणून आधी स्वतः बघून घ्या. हेडलाईट आणि ब्लोअर लावल्यावर आवाज वाढला तर अल्टरनेटरच्या बाजूला घसरतंय. फक्त एसी लावल्यावर आला तर कॉम्प्रेसरकडे बघा. जुन्या हायड्रॉलिक पॉवर स्टेअरिंगच्या गाडीत स्टेअरिंग पूर्ण वळवल्यावर येत असेल तर त्या पंपाचा बेल्ट. मग लांब उभं राहून स्प्रे बाटलीने बेल्टच्या आतल्या बाजूवर थोडं पाणी मारा, अल्टरनेटरवर नाही. आवाज वाढला तर ताण कमी आहे. काही सेकंद गप्प होऊन परत चिव-चिव आली तर पुली एका रेषेत नाहीत. पाण्याने काहीच फरक पडला नाही तर बेअरिंगचा संशय घ्या, थंड इंजिनावर बेल्ट काढून प्रत्येक पुली हाताने फिरवा, वाळू अडकल्यासारखी खरखर लागली की चोर सापडला.

काकांना व्हिडिओ कॉलवर हेच करायला लावलं. पाणी मारल्यावर त्यांची गाडी पाच सेकंद गप्प, मग परत चिव-चिव. मागच्या वर्षी अल्टरनेटर काढून बसवताना ब्रॅकेटमधला एक वॉशर राहून गेला होता आणि पुली दोनेक मिमी बाहेर आली होती. वॉशर किरकोळ पैशांत मिळाला. बेल्ट मात्र नवा घ्यावा लागला, कारण जुन्याच्या धारांमध्ये साबण इतका घट्ट बसला होता की ब्रशनेही निघेना.