थंडी नसते म्हणे!

आमच्या परिवाराच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर गेल्या महिन्यात तो मजकूर आला. तुमच्याकडेही एव्हाना दहादा येऊन गेला असेल. नास्तिक प्राध्यापक वर्गात विचारतो, देवानं सगळं निर्माण केलं तर वाईटही त्यानंच केलं ना? एक विद्यार्थी उठतो. सर, थंडी असते का? नसते, उष्णतेचा अभाव म्हणजे थंडी. अंधार असतो का? नसतो, तो प्रकाशाचा अभाव. तसंच सर, वाईट असं काही नसतंच. देवाचा अभाव म्हणजे वाईट. आणि सर, तुमचा मेंदू कुणी पाहिला आहे का? प्राध्यापक गप्प. विद्यार्थ्याचं नाव अल्बर्ट आइन्स्टाइन.

पाठवणारा आमचा आतेभाऊ. रोज सकाळी सहाला तो काही ना काही पाठवतो आणि मी न वाचता पुढे सरकते. या वेळी मात्र त्यानं खाली स्वतःची एक ओळ जोडली होती: ‘ज्या घरात देवाला जागा नाही, त्या घरात दुःख शिरतं.’ ग्रुपवर मोठीआई आहे. तिची नात नऊ वर्षांची, सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची, एसएस पॅटर्न, म्हणजे सिकलचा जनुक आई आणि बाप दोघांकडूनही आलेला. त्याच आठवड्यात पोरगी पाच दिवस भरती होती. मोठीआईचा मला फोन आला. “तीस वर्षं झाली, मी टेकडीच्या गणपतीला जाऊन राहिली, अन् हा म्हणते घरात देव नाही?” आवाज चढला असता तर बरं वाटलं असतं. तो चढला नव्हता.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, तत्त्वज्ञान शिकलेली नाही. पण या गोष्टीतली गडबड कळायला फार शिकावंही लागत नाही.

आधी आइन्स्टाइनचं उरकते. ही गोष्ट पूर्वी निनावी विद्यार्थ्याच्या नावानं फिरायची, आइन्स्टाइन तिला मागाहून चिकटला. काही ठिकाणी त्याच बाकावर अब्दुल कलाम बसलेले असतात. खऱ्या आइन्स्टाइननं या प्रश्नावर काय म्हटलं ते मात्र छापील आहे. १९४० साली न्यूयॉर्कच्या एका परिषदेसाठी त्यांनी विज्ञान आणि धर्म या विषयावर निबंध लिहिला. त्यातला मुद्दा असा: देव सर्वशक्तिमान असेल, तर जे जे घडतं ते सगळं त्याचंच काम, माणसाची प्रत्येक कृती, प्रत्येक विचार, प्रत्येक भावनासुद्धा. मग अशा देवासमोर माणसाला जबाबदार धरायचं तरी कसं? बक्षीस आणि शिक्षा वाटताना तो काही प्रमाणात स्वतःचाच निवाडा करत बसलेला असेल. म्हणजे त्या वर्गात आइन्स्टाइन खरोखर असते, तर प्राध्यापकाच्या बाजूनं उठले असते. ते कट्टर नास्तिक नव्हते, हे मी मान्य करते. १९२९ मध्ये एका रब्बीच्या, म्हणजे ज्यू धर्मगुरूच्या, तारेला उत्तर देताना त्यांनी कळवलं होतं की आपण तत्त्वज्ञ स्पिनोझाच्या देवाला मानतो. पण तो देव म्हणजे सृष्टीतली सुसंगती. माणसांच्या नशिबात आणि उद्योगांत लक्ष घालणारा देव त्यांनी त्याच उत्तरात नाकारला होता. घरात जागा दिली की प्रसन्न होणारा देव त्यांच्या गावीही नव्हता.

मेंदूचा मुद्दा एका ओळीचा आहे. ज्याला मेंदू पाहायचा आहे त्यानं सकाळी कुठल्याही सीटी स्कॅनच्या रांगेत उभं राहावं.

आता थंडी. पदार्थविज्ञानापुरतं आतेभावाचं बरोबर आहे, नाइलाजानं सांगते. थंडी नावाची वेगळी वस्तू नसते. उणे २७३.१५ अंश सेल्सिअसच्या खाली तापमान जात नाही, कारण काढून घ्यायला उष्णताच उरत नाही. मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीत आपण कूलर लावतो तेव्हा थंडी आणून ओतत नाही, उष्णता कमी करतो. ठीक. पण अंगाला लागणारी थंडी? तिच्यासाठी आपल्या कातडीत वेगळे संवेदक आहेत. ते मेंथॉलच्या मदतीनं शोधले गेले, आणि तापमान नि स्पर्श यांच्या संवेदकांवरच्या कामाला २०२१ चं वैद्यकाचं नोबेल मिळालं. थंडी जाणवते तेव्हा कातडीत काहीतरी सुरू होतं आणि मेंदूकडे निरोप जातो. त्याला अभाव कसं म्हणायचं? सिकलसेलच्या घरांना तर हे शिकवावंच लागत नाही. डिसेंबरात नागपूरचा पारा दहाच्या खाली आला की मोठीआई पोरीला दोन स्वेटर घालते, कारण थंडी लागली की क्रायसिस येतो. हाडांतून कळा निघतात, हात-पाय-पाठ, पोरगी रात्रभर कण्हते. तिच्या आजीला सांगायचं की थंडी नसते?

माझ्या डोक्यात खरी तिडीक गेली ती मात्र ‘वाईट म्हणजे फक्त अभाव’ या वाक्यानं. ही कल्पना आतेभावाची नाही आणि ती मूर्खपणाचीही नाही. चौथ्या-पाचव्या शतकातल्या ख्रिस्ती संत ऑगस्टीननं ती नीट मांडली होती. आंधळेपण ही डोळ्यात वाढलेली वस्तू नाही, ते दृष्टीचं नसणं आहे, इतपत पटतं. पण सिकलसेल घ्या. रक्तात प्राणवायू वाहणाऱ्या हिमोग्लोबिनची बीटा साखळी म्हणजे अमिनो आम्लांच्या १४६ मण्यांची माळ. सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाचा मणी हवा, तिथे व्हॅलिनचा आहे. मणी गळालेला नाही, दुसराच ओवलेला आहे. त्यामुळे प्राणवायू कमी पडला की हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून लांबलचक दोऱ्या तयार होतात, तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकून बसते. लॅबमध्ये सोल्युबिलिटी टेस्ट करताना मी रक्ताचा थेंब द्रावणात टाकते. सिकल असेल तर द्रावण गढूळ होतं आणि नळीमागच्या काळ्या रेघा दिसेनाशा होतात. तो गढूळपणा मी रोज डोळ्यांनी पाहते. कशाचा अभाव?

शिवाय गोष्टीची मोडतोड तिच्या स्वतःच्याच तर्कात आहे. अंधार असू शकतो, कारण प्रकाश सगळीकडे नसतो. पण देव सगळीकडे आहे, चराचरात आहे, असं आपणच म्हणतो ना? मग त्याचा अभाव असेल अशी जागा आणली कुठून? ती पाच दिवसांची खाट सर्वव्यापीच्या हद्दीबाहेर होती का? बाहेर असेल तर तो सर्वव्यापी नाही. आत असेल तर तो तिथे हजर होता आणि पोरगी कण्हत होती. हजर असून त्याला थांबवता येत नव्हतं की थांबवायचं नव्हतं? हा पेच ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्युरसच्या नावानं दोन हजार वर्षांपासून चालत आला आहे. थंडी-अंधाराची गोष्ट त्याला उत्तर देत नाही, प्रश्नच खोडून टाकते.

न उचलता येणारा दगड सर्वशक्तिमान देव घडवेल का, असलं कोडं मी टाकणार नाही. तो शब्दांचा खेळ आहे, त्यावर पळवाटा निघतात. पोरीच्या दुखण्यावर काढून दाखवा.

काढतात, हेही खरं. पहिली पळवाट माणसाच्या स्वातंत्र्याची: देवानं निवड दिली, माणसानं वाईट निवडलं. चोरी-मारामारीपुरतं चालेल. व्हॅलिन कुणी निवडलं? आणि ३० जुलै १९९१ ला वर्धा नदी आपल्याच नागपूर जिल्ह्यातल्या मोवाडमध्ये शिरली, दोनशेवर माणसं गेली, त्यात कुणाचं स्वातंत्र्य होतं?

दुसरी पळवाट जास्त हुशार आहे, म्हणून तिचाच मला जास्त राग येतो. मोठ्या भल्यासाठी थोडं दुःख. आतेभावाला माहीत नाही, पण त्याच्या बाजूचा सगळ्यात चांगला पुरावा सिकलसेलच आहे. १९५४ साली अँथनी अॅलिसन यांनी दाखवलं की ज्यांच्यात सिकलचा एकच जनुक असतो, त्या एएसवाल्यांना जीवघेण्या मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं. म्हणूनच हा जनुक मलेरियाच्या पट्ट्यात टिकून राहिला. पण आई-बाप दोघं एएस असले, तर प्रत्येक गरोदरपणात मूल एसएस निघण्याची शक्यता २५ टक्के. एका लेकराला मलेरियातून वाचवायला दुसऱ्या लेकराची हाडं गहाण टाकायची! असा सौदा निसर्गाला करावा लागतो, कारण त्याच्यापुढे दुसरा माल नसतो. सर्वशक्तिमानाला घासाघीस कशाला करावी लागते? त्यानं मलेरियाच करायचा नव्हता.

तिसरी पळवाट आपल्या घरची: मागच्या जन्माचं कर्म. ती मांडणारे निदान प्रश्न तरी कबूल करतात. ब्रह्मसूत्राच्या दुसऱ्या अध्यायात आक्षेप स्पष्ट नोंदवला आहे, वैषम्य आणि नैर्घृण्य. ईश्वर पक्षपाती आणि निर्दय ठरतो, असा. शंकराचार्यांचं उत्तर पावसाच्या दाखल्याचं: पाऊस सगळ्या शेतांवर सारखाच पडतो, भात उगवतो की जव ते बियाण्यावर ठरतं, तसं सुख-दुःख ज्याच्या त्याच्या कर्मावर. पण मग ईश्वर कर्माच्या नोंदी बघून उतारा देणारा तलाठी झाला. सातबारा बदलायची ताकद त्याच्याकडे उरली नाही. सांख्य, मीमांसक, जैन आणि बौद्ध यांनी कर्ता ईश्वर मानलाच नाही, तेही याच मातीत. आणि ज्या शहरात १४ ऑक्टोबर १९५६ ला लाखोंनी ब्रह्मा-विष्णू-महेशाला देव न मानण्याची प्रतिज्ञा घेतली, त्या शहरातला माझा आतेभाऊ मला लिहितो की असले प्रश्न विलायती प्राध्यापकांना पडतात.

यातून देव नाही असं सिद्ध होत नाही, आणि मला ते करायचंही नाही. मोठीआईचा गणपती कधीच सर्वशक्तिमान नव्हता. ती त्याला दम भरते, रुसते, दोन चतुर्थ्या जात नाही, मग दूर्वा घेऊन जाते. तिच्या देवाशी माझं भांडण नाही. ज्यानं तिच्याच घरावर देव नसल्याचा ठपका ठेवला, त्याच्याशी आहे.

हे सगळं थोडक्यात मी ग्रुपवर लिहिलं. आतेभावाचे जोडलेले हात आले. मोठीआईचा फोन रात्री आला. आइन्स्टाइनचं तिनं काही विचारलं नाही. “ते माळेचं लिवलं ना तू, ते समजलं मले. मोठा अन् सून दोघंही एएस निघाले, ते पोरगी झाल्यावर कळलं. आता धाकट्यासाठी उमरेडची पोरगी पाहून राहिलो. पत्रिका राहू दे मागाहून. मी दोघाईले घेऊन येतो सोमवारी, तुह्या लॅबमंदी. किती वाजता येऊ?”