लाकडाच्या स्टोव्हने हीटिंगचं बिल खरंच वाचतं का?

थंडी पडली आणि हीटिंगचं पहिलं मोठं बिल हातात आलं की एक मजकूर हमखास फिरू लागतो. साधारण असा : "गॅस-विजेच्या कंपन्यांचे खिसे कशाला भरता? लाकडाचा स्टोव्ह बसवा, जुनी फायरप्लेस असेल तर तीच पेटवा. लाकूड जवळपास फुकट मिळतं आणि कुठलंही चालतं. धूर चिमणीतून वर निघून जातो. झाड पुन्हा उगवतं, त्यामुळे प्रदूषण शून्य. शिवाय वीज गेली तरी घर उबदार."

बिलाने मेटाकुटीला आलेला माणूस हे वाचून स्टोव्हची चौकशी करू लागला, तर त्याचं काहीच चुकत नाही. घरात तान्हं बाळ किंवा थकलेलं माणूस असलं की थर्मोस्टॅट खाली करताना हात अडतो. या मजकुराची मला चीड येते ती त्यामुळेच. अडचणीतल्या माणसाला तो अर्धाच हिशेब दाखवतो, आणि उरलेला अर्धा स्टोव्ह आणि चिमणीत पैसे अडकल्यावर कळतो.

"लाकूड जवळपास फुकट." हा हिशेब पूर्ण मांडू. समजा, एका घराला हिवाळाभरात १०,००० युनिट (म्हणजे किलोवॅट-तास) उष्णता लागते. नीट वाळलेल्या लाकडातून, म्हणजे ओलावा २० टक्क्यांच्या आत असलेल्या, किलोमागे साधारण ४ युनिट मिळतात. चांगला आधुनिक स्टोव्ह त्यातला पाऊण भाग खोलीत सोडतो, बाकीचा चिमणीतून जातो. म्हणजे किलोला ३ युनिट. अख्ख्या हंगामाला सव्वातीन टनांहून जास्त लाकूड झालं. जड जातीचं लाकूड रचलं तरी त्याची रास सात घनमीटरच्या आसपास जाते. हे सगळं तोडायचं, फोडायचं, वरून झाकून पण बाजूंनी वारा लागेल असं रचायचं आणि रोज घरात वाहून आणायचं.

आता तेच लाकूड ओलं असेल तर? ताज्या तोडलेल्या लाकडाचं निम्मं वजन पाण्याचंच असतं. त्यातून किलोला जेमतेम सव्वादोन युनिट निघतात, कारण आधी ते पाणी उकळून वाफ व्हावं लागतं. वर आच थंड पडल्याने स्टोव्हही नीट चालत नाही. त्याची कार्यक्षमता ७५ टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर आली असं धरलं, तर त्याच घराला नऊ टन लागतील. पाइनसारखं मऊ लाकूड वाळायला सुमारे वर्ष लागतं, ओकसारख्या टणक लाकडाला दोन वर्षं. बिल यंदाचं आहे आणि यंदा तोडलेलं लाकूड यंदा कामाचं नाही, ही गोष्ट त्या मजकुरात कुठेच नाही. दर वर्षी जाळायचं असेल तर वाळत घातलेल्या पुढच्या राशीलाही जागा हवी.

विकत घ्यायचं म्हटलं, तर लाकडाचा भाव गॅसच्या भावापासून सुटा राहत नाही. २०२२ मध्ये युरोपात गॅस भडकला तेव्हा सगळे एकदम सरपणाकडे वळले आणि जळाऊ लाकूड व पेलेट (भुसा दाबून केलेल्या गोळ्या), दोन्ही महागले. वजनावर ओलं लाकूड घेतलं तर पाण्याचे पैसे मोजले जातात. ढीग मोजून घेतलं तर मधल्या पोकळीचे.

विक्रेता "वाळलेलं आहे" म्हणाला तरी तपासा. ओलावा मोजणारं छोटं मीटर मिळतं, पण ते ओंडक्याच्या टोकाला टोचू नका. टोक आधी वाळतं आणि आकडा छान दिसतो. ओंडका फोडा आणि ताज्या फोडलेल्या बाजूच्या मधोमध दोन्ही टोच्या दाबा. बाहेर १८ दाखवणारं लाकूड आत ३० निघू शकतं. मीटर नसेल तर दोन ढलप्या एकमेकींवर आपटून बघा : सुक्या टणटणतात, ओल्यांचा आवाज बद्द येतो. सुक्याच्या टोकांना चिरा पडलेल्या असतात आणि साल सुटू लागते. आगीत घातल्यावर टोकाशी फेस येऊन सुं-सुं आवाज येत असेल, तर तुम्ही पाणी तापवताय.

"कुठलंही चालतं" हे तर धोक्याचं आहे. रंगवलेली फळी, प्लायवूड, वाळवी लागू नये म्हणून रसायनात मुरवलेलं लाकूड स्टोव्हमध्ये जाता कामा नये. अशा जुन्या लाकडात तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक असू शकतं. ते जाळलं की धुरात आणि राखेत उतरतं.

"धूर वर निघून जातो." वर जातो, पण जाऊन कुठे राहतो? थंडीच्या निवांत संध्याकाळी जमिनीलगतची हवा गार आणि तिच्यावरची थोडी उबदार, अशी स्थिती बऱ्याचदा होते. मग धूर वर चढत नाही, घरांच्याच उंचीवर साचतो. आणि सगळ्या गल्लीचे स्टोव्ह पेटण्याची वेळही तीच असते. त्यातले अडीच मायक्रॉनहून बारीक कण, म्हणजे पीएम २.५, फुप्फुसात खोलवर शिरतात आणि रक्ताभिसरणावरही परिणाम करतात. जागतिक आरोग्य संघटनेने या कणांची वार्षिक मर्यादा २०२१ मध्ये घनमीटरमागे १० वरून ५ मायक्रोग्रॅमवर आणली, ती उगीच नाही. उत्तम स्टोव्हही गॅसच्या बॉयलरच्या कित्येक पटींनी जास्त कण सोडतो. शेजारच्या दमेकरी मुलाला त्याबद्दल कुणी विचारत नाही. बचत एका घराची आणि खोकला दुसऱ्याचा, हा सौदा मला पटत नाही.

घरातलाही धूर विसरू नका. लाकूड घालायला दार उघडलं की थोडा खोलीत येतोच. घट्ट बंद घरात स्वयंपाकघराचा एक्झॉस्ट जोरात चालू असेल तर तो चिमणीतला धूर उलटा आत ओढू शकतो, आणि त्याच्याबरोबर कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू, ज्याला ना रंग ना वास. "रात्रभर पुरावं" म्हणून हवेची झडप बंद करून लाकूड धुमसत ठेवण्याची सवय तर फार वाईट. अर्धवट जळलेला धूर चिमणीच्या गार भिंतींना डांबरासारखा चिकटतो, आणि एके दिवशी तोच थर पेट घेतो.

"झाड पुन्हा उगवतं, म्हणून प्रदूषण शून्य." आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान-समितीच्या २००६ च्या मार्गदर्शक तत्त्वांत एक गिगाज्यूल उष्णतेमागे लाकडाचा कार्बन डायऑक्साइड ११२ किलो धरला आहे, नैसर्गिक वायूचा सुमारे ५६. म्हणजे जळताना दुप्पट. झाड तो परत शोषतं हे खरं, पण जाळायला एक संध्याकाळ लागते आणि वाढायला कित्येक दशकं. वाऱ्याने पडलेल्या, नाहीतरी चार-पाच वर्षांत कुजून जाणाऱ्या फांद्यांचा हिशेब वेगळा, तो मी मान्य करते. उभं झाड तोडून "शून्य" म्हणणं मान्य नाही.

जुन्या उघड्या फायरप्लेसचं थोडक्यात : तिची बहुतेक उष्णता चिमणीतून जाते, खोलीत साधारण १० ते १५ टक्केच उरते. शिवाय ती खोलीतली तापलेली हवा वर ओढते आणि तिच्या जागी फटींतून गार हवा आत येते. वापरात नसलेल्या चिमणीत काढता-घालता येणारा बोळा बसवला तर तेवढ्यानेही ऊब टिकते.

वीज गेली तरी घर उबदार, हा मुद्दा मात्र साध्या स्टोव्हपुरता खरा आहे. जिथे वादळात वीज दिवसेंदिवस जाते तिथे तो मोठा आधार असतो. पण पेलेट स्टोव्हचा पंखा आणि पेलेट ढकलणारा स्क्रू विजेवर चालतात. लाकडाचा बॉयलर असेल तर पाणी फिरवणारा पंपही. आणि साधा स्टोव्ह एकच खोली तापवतो.

घरातली उष्णता छतातून आणि फटींतून गळत असताना इंधन बदलणं म्हणजे आजार म्हशीला आणि औषध पखालीला. आधी माळ्यावर इन्सुलेशन, दारं-खिडक्यांच्या फटींना पट्ट्या. कंडेन्सिंग बॉयलर असेल तर रेडिएटरला जाणाऱ्या पाण्याचं तापमान पाहा. ते ७५-८० अंशांवर ठेवलेलं असेल तर ६० च्या आसपास आणा. परतणारं पाणी ५५ अंशांखाली असलं तरच तो बॉयलर जळलेल्या वायूतल्या वाफेची उष्णता परत मिळवतो. (गरम पाण्याची टाकी मात्र ६० वरच ठेवा, त्याखाली लिजिओनेला जिवाणू वाढण्याची भीती.) थर्मोस्टॅट एक अंश खाली आणला तर हीटिंगची सुमारे ७ टक्के ऊर्जा वाचते, असं आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने २०२२ मध्ये सांगितलं होतं. यंत्रच बदलायचं असेल तर हीट पंपाचा, म्हणजे बाहेरची उष्णता घरात ओढून आणणाऱ्या यंत्राचा, भाव काढा : एका युनिट विजेत तो साधारण तीन युनिट उष्णता देतो.

ज्यांच्याकडे स्वतःचं रान आहे, वाळवायला जागा आहे आणि शेजार दूर आहे, त्यांना लाकूड परवडतं. ज्यांच्याकडे लाकडाशिवाय दुसरा मार्गच नाही, त्यांना बोल लावणं अन्याय आहे. त्यांनी सुकंच लाकूड जाळावं, आग लहान पण ज्वाळेची ठेवावी, चिमणी दर वर्षी साफ करून घ्यावी आणि राख झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात घराबाहेर ठेवावी, कारण आतले निखारे दिवसभरानंतरही जिवंत असतात. स्टोव्ह असलेल्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवा, आणि त्याची बॅटरी थंडी सुरू होण्याआधी तपासलेली हवी.